थोरल्या सिस्टर अजून लॉगिन आहेत

फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा उघडत होते. पलीकडून मेट्रनबाई. आवाज नेहमीसारखाच, सुई टोचण्याआधी 'काही दुखणार नाही हं' म्हणतात ना, तसा.

"जरा येऊन जाता का? तुमच्या प्रोग्रॅममध्ये काहीतरी घोटाळा झालाय. आमच्या थोरल्या सिस्टर अजून लॉगिन आहेत."

"मग त्यांना लॉगआउट करायला सांगा ना," मी घास मोडता मोडता म्हटलं.



"त्या गेल्या हो," मेट्रनबाई म्हणाल्या. "हिवाळ्यात. झोपेतच गेल्या."

हातातला घास मी परत डब्यात ठेवला. आपण काय बोलून बसलो, या विचाराने कान तापले. पुढे या प्रकरणात मला जितकी भीती वाटली, त्याच्या कितीतरी पट लाज वाटली आहे. तिची सुरुवात त्या घासापासून झाली.

ते रुग्णालय लांबच्या आजाराच्या माणसांचं. अर्धांग, पाठीचा कणा, मेंदूचा मार, अशी माणसं तिथे महिनोन्‌महिने असतात. त्यांच्यासाठी आमच्या छोट्याशा कंपनीने एक वेबसाइट केली होती, आणि तिचं बहुतेक काम माझ्या एकटीच्या हातचं. कोणाला औषध दिलं, ताप किती, पडून पडून पाठीला जखम होऊ नये म्हणून कोणाची कूस बदलली, हे सिस्टर त्यात लिहायच्या. नातेवाइकांना तेच घरबसल्या फोनवर दिसायचं. पूर्वी सिस्टरना प्रत्येक नोंदीला पासवर्ड टाकावा लागायचा. हातमोजे काढा, टाइप करा, चुकलं की पुन्हा करा. त्या मला मनसोक्त शिव्या घालायच्या. म्हणून मी पासवर्डच्या खाली एक छोटा चौकोन दिला. 'मला लक्षात ठेवा.'

त्या चौकोनात खूण केली की सर्व्हर ब्राउझरला एक चिठ्ठी देतो. आमच्या भाषेत कुकी. चिठ्ठीवर एक लांबलचक आकडा. पुढच्या वेळी ब्राउझर तो आकडा दाखवतो, सर्व्हर ओळखतो आणि दार उघडतो. पासवर्ड विचारत नाही. आमच्या सासूबाई स्वतःचा पासवर्ड विचारायला मला ऑफिसात फोन करतात. अशा माणसांसाठी तर ही चिठ्ठी म्हणजे वरदानच. वॉर्डातल्या सिस्टरही खूश झाल्या, आणि खरं सांगायचं तर मला त्या चौकोनाचा फार अभिमान होता.

मी पोचले तेव्हा दुपारची जेवणं उरकली होती. तुम्ही कधी अशा वॉर्डात दुपारी गेला आहात का? रात्रीपेक्षा दुपार वाईट. लख्ख उजेड असतो, पण सगळं निपचित. ओल्या फरशीला फिनेलचा वास, त्याच्याखाली माणसांच्या अंगाचा, पावडरीचा, उतू गेलेल्या दुधाचा. आणि हवेच्या गाद्यांचे पंप. ते एका लयीत फुसफुसतात. भिंतीपलीकडे खूप माणसं एकदम झोपली आहेत असं वाटतं.

मेट्रनबाईंनी मला टेबलावरचा मोठा स्क्रीन दाखवला. आम्ही त्याला फळा म्हणायचो. प्रत्येक खोलीपुढे तिची कामं, झालं की हिरवी खूण, राहिलं की लाल. कोपऱ्यातल्या खोलीपुढे हिरव्या खुणांची रांग होती.

"कूस बदलल्याच्या खुणा या," मेट्रनबाई म्हणाल्या. "कोण करतं म्हणून काल उघडून बघितलं, तर प्रत्येक नोंदीखाली थोरल्यांचं नाव. त्या गेल्या त्या आठवड्यापासून आजपर्यंत. एकही चुकलेली नाही."

"घाईत कोणीतरी त्यांच्या नावाने लिहीत असेल. त्यांची चिठ्ठी एखाद्या कॉम्प्युटरवर राहून गेली असेल."

"मलाही तेच वाटतंय," त्या घाईघाईने म्हणाल्या. "पण असं बरं नाही ना दिसत. उद्या कोणी तपासायला आलं तर काय सांगू? गेलेली बाई ड्यूटी करते म्हणून?"

थोरल्या सिस्टर मला आठवत होत्या. उंच, किंचित पोक काढून चालणाऱ्या, मितभाषी. नव्या सिस्टर त्यांना घाबरायच्या, पण आजारी मुलांसारखं सगळं त्यांनाच सांगायच्या.

कोपऱ्यातल्या खोलीत मास्तर होते. शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. उभा जन्म शिवणयंत्रावर काढलेला माणूस. डोक्यात रक्तस्राव झाला आणि उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळणंही जेमतेम. डाव्या हाताचं एक बोट आणि डोळे, एवढंच त्यांच्या ताब्यात. उशाशी अक्षरांचा एक पुठ्ठा लटकवलेला असायचा. बोट अक्षरावर ठेवून ते बोलायचे. काना-मात्रा लावायला त्यांना त्राण नसायचं. आपण ओळखायचं आणि विचारायचं. बरोबर असेल तर ते डोळे मिटायचे.

त्याच खोलीत भिंतीला एक जुना कॉम्प्युटर होता. मी सर्व्हरवर पाहिलं तर थोरल्यांच्या सगळ्या नोंदी तिथूनच आलेल्या. ब्राउझर उघडला. कोपऱ्यात त्यांचं नाव, 'नमस्कार' म्हणून. चिठ्ठी तिथेच होती. मी ती पुसली, पान बंद केलं आणि मनात म्हटलं, झालं काम.

पण ऑफिसात परतल्यावर मी माझा कोड उघडला आणि चूक समोरच दिसली. माणूस नोकरी सोडून गेला, किंवा जगच सोडून गेला, की त्याचं खातं बंद करायचं असतं. मेट्रनबाईंनी ते वेळेवर बंद केलं होतं. पासवर्ड टाकून येणाऱ्याचं खातं चालू आहे की बंद, हे माझा कोड तपासायचा. चिठ्ठी घेऊन येणाऱ्याचं मात्र तपासायचाच नाही. एका ओळीची चूक. वर प्रत्येक भेटीला चिठ्ठीची मुदत आपोआप वाढायची. म्हणजे एकदा आत आलेला माणूस येत राहिला, तर जन्मभर आतच. मी साहेबांना सांगायला उठले आणि पुन्हा बसले. म्हटलं, आधी गुपचूप दुरुस्त करू, मग बघू. एवढी साधी चूक माझ्या हातून झाली, हे साहेबांपुढे कोणत्या तोंडाने बोलणार होते मी?

दुसऱ्या दिवशी सर्व्हरवर पाहिलं. थोरल्यांच्या नोंदी चालूच होत्या. मी पुसलेल्या चिठ्ठीच्या जागी नवी चिठ्ठी दिलेली होती.

चिठ्ठी पुसल्यावर नवी कशी मिळेल? पासवर्ड टाकावा लागेल. आणि बंद खात्याचा पासवर्ड चालणार नाही. मग मी पाहिलं, तर खातं चालू होतं. मेट्रनबाईंनी बंद केल्याची नोंद होती, पुन्हा चालू केल्याची कुठे नव्हती. तरी चालू. आणखी एक घोटाळा म्हणत मी कपाळाला हात लावला आणि दुपारी पुन्हा वॉर्डात गेले. म्हटलं, खोलीत बसून राहू, कोण टाइप करतं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहू.

मास्तरांची मुलगी आलेली होती. चाळिशीची बाई, गालावर प्रवासाची धूळ, हातात कापडी पिशवी. मी रुग्णालयाचीच कोणी आहे असं तिला वाटलं.

"मॅडम, थोरल्या सिस्टरांची ड्यूटी कधी असते हो? मी येते तेव्हा त्या कधीच भेटत नाहीत. फोनवर नाव मात्र रोज बघते. कूस बदलली, पाठ कोरडी. ते वाचलं की मला झोप लागते."

मी स्क्रीनकडे बघत राहिले.

"बाबांची पाठ बघितलीत? इतके महिने अंथरुणाला खिळलेत, पण एक चट्टा नाही. इथले डॉक्टरही नवल करतात. मी बाबांना विचारलं, सिस्टर कशा आहेत? तर त्यांनी दाखवलं..." तिने पुठ्ठ्यावर बोट फिरवून दाखवलं. "ग, र, ह, त. मला आधी कळेना. मग विचारलं, गार हात? तर डोळे मिटले. फार गार असतात म्हणे त्यांचे हात."

पंपाचा आवाज चालूच होता. तिने पिशवीतून लोकरीचे हातमोजे काढले. करडे, लांब बोटांचे, घरी विणलेले.

"तेवढे त्यांना द्याल का? मला बस आहे आता."

'त्या गेल्या,' एवढे दोनच शब्द मला बोलायचे होते. ते बोलले असते तर पुढचे प्रश्न आले असते. मग नोंदी कोण करतं? तुमच्या प्रोग्रॅममध्ये काय चुकलं? मी हात पुढे केला आणि म्हटलं, "देते हं."

ती वडिलांच्या कपाळावरून हात फिरवून गेली. मास्तर माझ्याकडे बघत होते. मला त्यांच्या नजरेला नजर देता येईना. मी मोजे पर्समध्ये कोंबले, कॉम्प्युटरपुढे बसले आणि पाठ त्यांच्याकडे केली.

बराच वेळ काहीच झालं नाही. दार आपोआप मिटणारं होतं, ते मिटलेलं होतं. बाहेर कुठेतरी ट्रॉलीचं एक चाक कुरकुरत गेलं. माझे डोळे जड झाले असतील, नाही म्हणत नाही. पण झोपले नव्हते. स्क्रीन माझ्यासमोर होता आणि माझे दोन्ही हात मांडीवर होते.

पान उघडलं. वर नाव आलं, नमस्कार म्हणून. मग नोंदीच्या रिकाम्या जागेत अक्षरं उमटली, एकेक, सावकाश, टाइप करायची फारशी सवय नसलेल्या माणसासारखी.

डावी कूस. पाठ कोरडी.

आणि माझ्या पाठीमागे चादर सरकल्याचा आवाज आला... मग एक उसासा. जड माणसाला आराम वाटला की सुटतो तसा.

मी वळले. मगाशी मास्तरांचं तोंड माझ्याकडे, दाराच्या बाजूला होतं. आता ते खिडकीकडे तोंड करून डाव्या कुशीवर होते. पाठीमागे उशी नीट खोचलेली, गुडघ्यांमध्ये घडी केलेली चादर. खोलीत आम्ही दोघंच. ओल्या कापसासारखा गार, स्वच्छ वास.

मी काय केलं असेल? आरडाओरडा? मेट्रनबाईंना हाक? नाही. मी मनाशी म्हटलं, मावशी येऊन गेल्या असतील, माझं लक्ष नसेल. मावशी म्हणजे वॉर्डातल्या जुन्या मदतनीस. त्या बाहेर टेबलाशी कापसाचे बोळे करत बसलेल्या मला जाताना दिसल्या. 'मावशी, तुम्ही आत आला होतात का?' एवढंच विचारायचं होतं. विचारलं नाही. त्या 'नाही' म्हणाल्या असत्या, हे मला माहीत होतं.

ऑफिसात आले आणि कोणाशी न बोलता काम उरकलं. चुकलेली ओळ घातली. थोरल्यांच्या नावावरच्या सगळ्या चिठ्ठ्या रद्द केल्या. खातं बंद केलं, आणि पुन्हा आपोआप चालू होणार नाही अशी कडीही घातली. मेट्रनबाईंना कळवलं, प्रश्न सुटला. त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. साहेब म्हणाले, "शाब्बास, फार बोभाटा न होता झालं." मी हसले. मोजे टेबलाच्या खणात, अगदी मागे सारले.

त्या संध्याकाळपासून सर्व्हरवर इशारे येऊ लागले. 'नाकारले.' कूस बदलायच्या ठरल्या वेळी, त्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरून. मी उघडून पाहिलं. जुनी चिठ्ठी दाखवून कोणी आत येऊ बघतंय म्हणावं, तर तसं नव्हतं. पासवर्ड टाकला जात होता, आणि तो बरोबर होता. फक्त खातं बंद, म्हणून नकार. मग पुन्हा पुढच्या वेळी. नाकारले. मध्ये जराही घाई नाही, राग नाही. दार वाजवून थांबावं, कोणी उघडलं नाही की जावं आणि वेळ झाली की पुन्हा यावं.

नवऱ्याने विचारलं, "जेवताना फोनमध्ये काय बघतेस सारखी?" मी म्हटलं, "काही नाही, कामाचं." आणि दुसऱ्या दिवशी ते इशारे मला दिसूच नयेत अशी सोय करून टाकली.

मास्तर वाचले, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. आता ते मुलीच्या घरी असतात. पण मध्ये जे झालं ते झालंच.

मेट्रनबाईंचा फोन आला तेव्हा त्यांचा तो सुई टोचण्याआधीचा आवाज नव्हता. "मास्तरांच्या पाठीला जखम झालीय. खोल. तुम्ही जरा या."

मी गेले. जखमेचा वास दारातच आला. ड्रेसिंग चाललं होतं, आणि ज्या माणसाला बोलता येत नाही त्याच्या घशातून एक बारीक, अखंड आवाज येत होता. बाहेर टेबलापाशी सगळ्या सिस्टर गोळा झाल्या होत्या. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

"लाल खूण का नाही आली?" मेट्रनबाईंनी मला विचारलं. "काम राहिलं की फळ्यावर लाल येतं ना? कोपऱ्यातल्या खोलीपुढे काहीच नव्हतं. ना हिरवं, ना लाल."

मी फळ्याकडे बघितलं आणि मला उभ्या उभ्या सगळं कळलं. मास्तरांची कूस बदलायचं काम फळ्यावर अजून थोरल्यांच्याच नावावर होतं. त्या गेल्यावर ते कोणी दुसऱ्याकडे दिलंच नाही. द्यायची गरजच पडली नाही, रोज हिरवी खूण येत होती. आणि बंद खात्याची कामं फळ्यावर दाखवायची नाहीत, हे मीच कधीतरी लिहून ठेवलं होतं, फळा नीटनेटका दिसावा म्हणून. मेट्रनबाईंनी बंद केलेलं खातं पुन्हा चालू झालं होतं, म्हणून काम दिसत राहिलं; मी ते कडी घालून बंद केलं, तसं मास्तरांचं कामही फळ्यावरून नाहीसं झालं.

मी ते सांगितलं. या वेळी सगळं सांगितलं, चुकलेल्या ओळीसकट. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

मला वाटलं, त्या माझ्यावर तुटून पडतील. पण एक तरुण सिस्टर रडायला लागली.

"मॅडम, तुमचं चुकलं, पण आम्हाला काय डोळे नव्हते? त्या गेल्यापासून मी एकदाही मास्तरांची कूस बदलली नाही. हिरवं दिसायचं. मला वाटायचं, दुसऱ्या कोणीतरी केलं."

"मलाही तेच वाटायचं," दुसरी म्हणाली.

मेट्रनबाईंनी एकेकीला विचारलं. दिवसपाळी, रात्रपाळी, सगळ्यांना. मावशींना विचारलं. कोणीच केलं नव्हतं. इतके महिने त्या माणसाला जिवंत हात लागला होता तो फक्त भरवायला आणि पुसायला. आणि तरीही पाठीवर एक चट्टा नव्हता.

पंप फुसफुसत राहिले. आम्ही सगळ्याजणी मान खाली घालून उभ्या होतो. भीती आमच्यात आली असेलही, पण ती कुठेतरी मागे, कोपऱ्यात. पुढे उभी होती ती शरम. जिने मरूनही काम टाकलं नाही, तिला आम्ही बाहेर काढलं होतं, आणि तिच्या जागी कोणीच उभं राहिलं नव्हतं.

संध्याकाळी मुलगी आली. मी तिला गाठलं, ऑफिसातून आणलेले मोजे तिच्या हातात ठेवले आणि थोरल्या सिस्टर हिवाळ्यातच गेल्या हे सांगितलं. तिने मोजे उलटेसुलटे करून पाहिले.

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी रोज रात्री ते वाचून निजायची हो. थांबलं तेव्हा वाटलं, माझाच फोन बिघडला," आणि मोजे घेऊन वडिलांच्या खोलीत गेली.

ऑफिसात जाऊन मी लपवलेले इशारे उघडून पाहिले. आधी ठरल्या वेळी एकेक. मग दिवसेंदिवस दाट. जखम उघडली त्या दिवशीच्या तर ओळींवर ओळी, नाकारले, नाकारले, नाकारले, श्वास घ्यायलाही जागा नाही. आणि त्यानंतर काही नाही. साफ थांबलेलं.

मी खातं पुन्हा चालू केलं. कडी काढली. सर्व्हरकडे डोळे लावून बसले. कोणी आलं नाही. एकदा हाकलून दिल्यावर कोण येतं पुन्हा?

साहेबांनी दुसऱ्या माणसाकडे काम दिलं. मला दुपारची सुट्टी मिळू लागली, म्हणजे खरं तर मला कोणी काही सांगत नव्हतं. मी वॉर्डात जाऊ लागले. मेट्रनबाईंना म्हटलं, मला कूस बदलायला शिकवा. त्यांनी मावशींकडे बोट दाखवलं.

"ओढायचं नाही," मावशी म्हणाल्या. "कातडी सोलते. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. आणि आधी त्यांना सांगायचं, मास्तर, वळवते हं. न सांगता पोत्याला वळवतात, माणसाला नाही."

मी शिकले. मास्तर माझ्याकडे बघायचे नाहीत. जखम भरत नव्हती. डॉक्टर औषधं बदलत होते, ताप चढत-उतरत होता, मुलगी बाहेरच्या बाकावर बसून असायची. रोज वळवताना मी म्हणायची, "मास्तर, चुकलं माझं." ते खिडकीकडे बघायचे.

एका दुपारी मी एकटीच होते. मावशी कपडे आणायला गेल्या होत्या. मी म्हटलं, "मास्तर, वळवते हं," आणि पाहिलं तर त्यांचं बोट चादरीवर हलत होतं. पुठ्ठा हवा होता. मी तो हाताखाली धरला.

बोट सरकलं. त. मग थांबून, द. र. त.

"तो... दारात?" मी विचारलं.

डोळे उघडेच.

"ती? ती दारात?"

डोळे मिटले. मी दाराकडे पाहिलं. दार मिटलेलं होतं. त्याच्या काचेच्या पट्टीतून रिकाम्या व्हरांड्याचा उजेड दिसत होता.

बोट पुन्हा सरकलं. आ. त. घ.

"आत घ्या..." मी हळूच म्हटलं.

डोळे मिटले आणि मिटलेलेच राहिले. कडेने पाणी आलं.

मी उठले. दारापाशी गेले, मूठ धरली आणि दार पूर्ण उघडून पाठीने टेकवून धरलं. व्हरांडा शेवटपर्यंत रिकामा. लांब टेबलाशी एक सिस्टर फोनवर बोलत होती. मोठ्या माणसाला उंबऱ्यात ताटकळत ठेवलं की आपण जसे ओशाळून बाजूला होतो, तशी मी भिंतीला चिकटून बाजूला झाले.

"या," मी म्हटलं. "आत या, सिस्टर."

काही झालं नाही. वारा नाही, आवाज नाही. मी तशीच उभी राहिले. मग दार सोडलं. ते हळूहळू येऊन मिटलं. मी पलंगापाशी जाऊन मास्तरांच्या कमरेखाली हात घातला.

त्यांनी डोळे उघडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते माझ्या तोंडाकडे वळले, पण माझ्यावर थांबले नाहीत. नजर दाराशी गेली. तिथून सावकाश निघाली, कोणी चालत यावं त्या गतीने, पलंगाच्या पायथ्याशी आली, वळसा घेऊन या बाजूला आली... आणि माझ्या खांद्याच्या जरा वर, माझ्या अगदी पाठीशी येऊन थांबली.

मास्तरांचं अंग माझ्या हातांत हलकं झालं.

मी मागे वळून पाहिलं नाही. भीती वाटली म्हणून नव्हे. तोंड दाखवायची लाज वाटली.